शिवारफेरीला गेलात तर साधा पट्टा विचारा

आज बोलायचं आहे शिवारफेरीबद्दल. आत्मातर्फे, उमेदच्या गटातर्फे किंवा कृषी विज्ञान केंद्रातर्फे आपण गाडी भरून दुसऱ्याची सेंद्रिय शेती बघायला जातो. बांधावर फोटो होतो, जेवण होतं, आणि येताना वहीत एक कृती लिहून आणतो. इतके किलो शेण, इतकं गोमूत्र, इतका गूळ. ही कृती खरी असली तरी फेरी फुकट जाऊ शकते. कशी, ते आधी आमच्याच गटाचं सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका फेरीला गेलो होतो. भादव्याचे दिवस होते. त्या शेतातली बाजरी डोक्याच्या वर गेलेली, कणसं हातभर. शेतकरीदादांनी एका सेंद्रिय टॉनिकची बाटली दाखवली, 'हे फवारलंय' म्हणाले. आम्ही सगळ्या खूष. गटातल्या एका मैत्रिणीने (नाव सांगत नाही, ती आत्ता ऐकत असेल) घरच्यांशी भांडून अर्धा एकर स्वतःच्या हिमतीवर करायला मागून घेतला होता. तिने गटातून कर्ज काढून तीच बाटली आणली आणि ज्वारीवर चार वेळा फवारली. ज्वारी दरवर्षीइतकीच झाली, कर्ज मात्र राहिलं. घरचे म्हणाले, बघ, झाली का तुझी शेती. पुढच्या साली तो अर्धा एकर पुन्हा दिराच्या हातात गेला.

नंतर कुणाकडून तरी कळलं की त्या बाजरीच्या रानात पावसाच्या तोंडाला मेंढरं बसवली होती. लेंडी आणि मूत थेट मातीत. शिवाय ते रान ओढ्याच्या अंगाचं, खोल काळं. बाजरी बाटलीने वाढली की मेंढरांनी की मातीने, हे त्या दादांनाही ठाऊक नसणार, कारण न फवारलेली बाजरी त्यांनी ठेवलीच नव्हती. दादांनी आम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. आम्ही विचारलं नाही, एवढंच.

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: दादा, साधा पट्टा कुठे आहे? म्हणजे तेच बी, तीच पेरणीची तारीख, तीच माती, तेवढंच पाणी, पण ते औषध किंवा ते खत न दिलेला पट्टा. तो शेजारी उभा असला की डोळ्यांना फरक दिसतो. नसला की दिसतं ते फक्त चांगलं पीक, आणि चांगलं पीक शंभर कारणांनी येतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी 1985 साली 'प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा' नावाची संघटना काढली. डिक आणि शॅरन थॉम्पसन हे शेतकरी जोडपं तिच्या सुरुवातीपासून होतं. त्यांच्या शेतात नव्या-जुन्या पद्धतीचे पट्टे शेजारी शेजारी असायचे, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब. आणि एकच जोडी नाही, तर त्याच शेतात तशा अनेक जोड्या. मग आसपासचे शेतकरी बघायला यायचे.

पट्टा लांब का, ते नीट समजून घ्या, खरी मेख तिथेच आहे. आपल्या रानाचा वरचा भाग मुरमाड असतो, खालचा काळा. वरच्या भागात साधं पीक ठेवलं आणि खालच्या भागात जीवामृत दिलं, तर जीवामृत जिंकणारच. ते जीवामृत न देताही जिंकलं असतं! म्हणून पट्टे उताराच्या दिशेने, वरून खाली घ्यायचे. प्रत्येक पट्ट्याला थोडा मुरूम, थोडी काळी माती मिळते. अशा तीन तरी जोड्या हव्यात, कारण एखाद्या पट्ट्याखाली जुना उकिरडा असतो, एखाद्यावर लिंबाची सावली पडते.

आपल्याकडची शेतीशाळा याच विचाराच्या जवळची आहे. तिचं मूळ इंडोनेशियात. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता, आणि जितकं विष फवारावं तितके ते वाढत, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि किडे आधी मरायचे. 1989 मध्ये तिथे शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला शेतात उतरायचं, किडी मोजायच्या, मित्रकीटक मोजायचे, कागदावर चित्र काढायचं आणि मग फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. अक्षरओळख नसलेली बाईही त्यात मागे राहत नाही. किडे मोजायला पाटी-पेन्सिल लागत नाही, डोळे लागतात.

आता तुमच्या रानात हे कसं करायचं? येत्या हंगामात हरभरा पेरणार असाल तर त्यावरच करून बघा. हरभऱ्याला मर लागते हे तुम्हाला माहीतच आहे. उभं झाड माना टाकतं, खोड मधून चिरलं की आत काळपट रेघ दिसते. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला तर मर कमी होते असं सांगतात. तुमच्या मातीत होते का, ते तपासा. एका किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, त्यानंतर रायझोबियम, मग सावलीत सुकवून पेरणी. साध्या पट्ट्यालाही तेच बी आणि तेच रायझोबियम द्या, फक्त ट्रायकोडर्मा नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कुणाचं श्रेय कुणाला, कळत नाही. जोडीतला कुठला पट्टा साधा ठेवायचा हे नाणं उडवून ठरवा, नाहीतर आपला हात आपसूक चांगल्या मातीकडे जातो. टोकांना खुंट्या ठोकून कापडाच्या चिंध्या बांधा, महिन्याने आपलं आपल्याला आठवत नाही.

मरलेली झाडं दर आठवड्याला मोजा. काढणीला कडेच्या ओळी सोडून मधल्या चार ओळी, 33 फूट लांबीच्या, वेगळ्या काढा. ओळींत एक फूट अंतर असेल तर निघालेले किलो गुणिले 330, हे एकरी उत्पन्न. दोन किलो निघाले तर 660 किलो, म्हणजे सहा क्विंटल साठ किलो. तिन्ही जोड्यांत ट्रायकोडर्माचा पट्टा वरचढ ठरला तर भरवसा ठेवायला हरकत नाही. दोनांत वरचढ आणि एकात कमी, तर पुढच्या साली परत करा. आणि असं बघायला अर्धा एकरही लागत नाही. दोन-तीन गुंठ्यांत होतं, फसलं तरी घरात कुणाला बोलायला जागा राहत नाही.

फेरीत आणखी एक पाहिलंय. बांधावर दादा बोलत असतात आणि त्या शेतात निंदणी करणाऱ्या ताई पाहुण्यांचा चहा करत असतात. त्यांना बाहेर बोलवा. सेंद्रिय रानात खुरपणीचे किती हात लागले, शेण वाहून कंबर किती दुखली, दोनशे लिटरचं जीवामृत रोज ढवळायला कोण जातं, हे त्याच सांगतील. माझ्या मते या मजुरीचा हिशोब न सांगणारी फेरी अर्धीच. आणि विचारताना 'तुमचं काय फसलं?' हेही विचारा. सुरुवातीला माणूस संकोचतो, मग मात्र थांबत नाही.

आमच्या त्या मैत्रिणीला गेल्या वर्षी परसातले तीन गुंठे मिळाले आहेत. सहा पट्टे, तीन जोड्या, चिंध्या तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या बांधल्या. मर मोजायची वही तिची मुलगी लिहिते. हरभरा घाट्यावर आला की आमच्या गटाची फेरी तिच्याकडे आहे. कुणाला यायचं असेल तर या, येताना ताणकाटा घेऊन या, तिच्याकडचा मोडलाय.