पाणी कोणाचं ऐकतं?

"आज भरती किती वाजता?" चहाचे कप घेऊन डेकवर येता येता ताईने विचारलं. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला सकाळी उठल्यावर हाच प्रश्न सुचणार. तरीत पाय टाकायच्या आधी पाणी चढतंय की उतरतंय ते बघायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. भावोजींनी नकाशातून मान वर केली. "इथे भरती नसते," ते म्हणाले, "वारा कुठचा आहे ते बघ."

मी कप हातात धरून तसाच बसलो. आमची बोट उत्तर कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीच्या धक्क्याला बांधलेली होती. अटलांटिक महासागर तिथून चाळीसेक किलोमीटरवर. पाणी समुद्राच्याच पातळीचं, समुद्राला जोडलेलं, आणि तरी चंद्राला जुमानत नाही? मग ते ऐकतं कोणाचं? या प्रश्नाने मला पुढे कित्येक आठवडे सोडलं नाही, आणि प्रवासाच्या दर टप्प्यावर त्याचं उत्तर बदलत गेलं.

ताई माझी मावसबहीण. ती आणि भावोजी नोकरीतून मोकळे झाल्यावर ३४ फुटी शिडाची बोट घेऊन व्हर्जिनियातल्या नॉर्फोकहून फ्लोरिडातल्या मायामीला निघाले होते. पहिले नऊ दिवस मी त्यांच्याबरोबर होतो. पुढचा प्रवास मी फोनवर ऐकला आणि भिंतीवरच्या नकाशावर केला.

या वाटेचं नाव इंट्राकोस्टल वॉटरवे. नॉर्फोक ते मायामी सुमारे १०९० मैल, म्हणजे साधारण १७५० किलोमीटर. वाट समुद्राला समांतर जाते, पण जमिनीच्या आतून: खाड्या, नद्या, सरोवरासारखी पसरलेली उथळ पाणी, आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे खणलेले कालवे. आपल्याकडे दिवाळी असते त्या सुमारास शेकडो बोटी थंडी मागे टाकत या वाटेने दक्षिणेला उतरतात, आणि त्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ. इंग्लंडच्या टेरी आणि मोनिका डार्लिंग्टन या वयस्क जोडप्याने तर कालव्यात चालवायची 'फिलिस मे' नावाची अरुंद, लांबलचक नाव अमेरिकेत आणली आणि जिम या कुत्र्याला सोबत घेऊन याच वाटेने फ्लोरिडा गाठला. टेरींचं २००८चं 'नॅरो डॉग टू इंडियन रिव्हर' हे पुस्तक त्याच प्रवासाचं.

समोर अख्खा समुद्र असताना आतून का जायचं? कारण बाहेर केप हॅटेरस हे भूशिर आहे. गल्फ स्ट्रीम हा कोमट पाण्याचा प्रचंड प्रवाह तिथून उत्तरेला वाहतो. शरदात वारा उत्तरेकडून सुटला की वारा आणि प्रवाह एकमेकांवर धडकतात आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्या भागाला अटलांटिकचं स्मशान म्हणतात. १९४२ साली जर्मन पाणबुड्यांनी याच किनाऱ्यासमोर कितीतरी जहाजं बुडवली, तेव्हा आतल्या वाटेचं मोल सगळ्यांना कळलं. कल्पना मात्र फार जुनी: १८०८ साली अल्बर्ट गॅलाटिन या अर्थमंत्र्याने किनाऱ्यालगतच्या जलमार्गाचा आराखडा सरकारपुढे मांडला होता.

अर्धं काम निसर्गानेच करून ठेवलं होतं. या किनाऱ्यासमोर वाळूच्या लांबट, सखल बेटांची रांगच आहे. बेटं लाटा अंगावर घेतात, आणि त्यांच्या पाठीशी शांत पाणी राहतं. माणसाने फक्त मधले दुवे खणले.

फक्त म्हटलं खरं, पण हा शब्द मला मागे घ्यायला हवा. एलिझाबेथ सिटीला पोचण्याआधी आम्ही डिस्मल स्वॉम्प कालव्यातून आलो होतो. १७९३ साली खणायला घेतलेला आणि १८०५ साली खुला झालेला हा २२ मैलांचा कालवा गुलामांनी हाताने खणला. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून झाडांची मुळं तोडणाऱ्या माणसांचं वर्णन मोझेस ग्रँडी यांनी केलंय. ते स्वतः गुलाम, आणि याच कालव्यात मालवाहू नावांचे तांडेल. त्यांनी स्वतःच्या स्वातंत्र्याची किंमत तीनदा मोजली. दोनदा पैसे घेऊन मालक फिरले, तिसऱ्यांदा ते सुटले. त्यांची हकिकत १८४३ साली लंडनला छापली गेली. भोवतीच्या त्याच दलदलीत, उंचवट्याच्या बेटांवर, पळून आलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या लपून राहिले. दोन्ही काठांना झाडं इतकी दाट की दुपारी बाराला संध्याकाळ वाटावी. त्या शांततेत बोट सरळ रेषेत तासन्‌तास चालत होती, आणि ही रेषा कोणाच्या हातांनी आखली ते मला विसरता येईना.

इथलं पाणी लॉक चालवणाऱ्या माणसाचं ऐकतं. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद. आम्ही आत शिरलो, मागचा दरवाजा लागला. ताईने पुढचा दोर धरला, मी मागचा. वरच्या बाजूचं पाणी घुसू लागलं आणि अख्खी बोट, आम्ही, स्वयंपाकघर, डोलकाठी, सगळं मिळून जवळजवळ अडीच मीटर वर आलं. दोर हातात ढिला पडत जातो आणि तो सतत ओढून घ्यावा लागतो, तेवढंच काम. ना पंप, ना मोटार. वरचं पाणी खाली यायला बघतं, त्या एवढ्याशा ओढीवर काही टनांची बोट अलगद उचलली जाते.

ते पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर चहासारखाच फेस. ते दलदलीच्या मधोमध असलेल्या लेक ड्रमंडमधून येतं. सायप्रसची पानं, साली आणि पूर्ण न कुजलेल्या मुळांचे जाड थर यांतून झिरपताना त्यात टॅनिन उतरतं, तेच चहाला रंग आणि तुरटपणा देणारं. या आंबट पाण्यात जंतू सहजी वाढत नाहीत, म्हणून पूर्वी शिडाची जहाजं लांबच्या प्रवासाला ते पिपांत भरून नेत. दोन दिवसांत आमच्या पांढऱ्या बोटीच्या नाळेवर, जिथे पाणी कापलं जातं तिथे, दोन्ही बाजूंना तपकिरी डाग चढला, थेट पिळदार मिशीसारखा. या वाटेने आलेली बोट कुठल्याही बंदरात तिच्या मिशीवरून ओळखू येते.

आता एलिझाबेथ सिटीचं कोडं. इथून पुढे अल्बेमार्ल आणि पॅम्लिको ही दोन अफाट उथळ पाणी लागतात. पॅम्लिको इतकं रुंद की १५२४ साली व्हेराझ्झानो या खलाशाने वाळूच्या पट्टीपलीकडे ते पाहिलं, पैलतीर दिसेना, आणि चीनकडे जाणारा समुद्र हाच असं त्याने धरलं. एवढ्या पाण्याला समुद्राकडे उघडणारी तोंडं मात्र मोजकी आणि चिंचोळी. बाहेर भरती चढते तेव्हा त्या फटींतून पाणी आत येऊ लागतं, पण ते पसरून पातळी उचलणार तोच सहा तास संपतात आणि ओहोटी सुरू होते. चंद्राला इथे पुरेसा वेळच मिळत नाही. मग राज्य वाऱ्याचं. उथळ परातीवर जोराने फुंकर घातली तर पाणी एका कडेला सरकतं, तसं दोन दिवस एकाच बाजूचा वारा राहिला की एक काठ कोरडा पडतो आणि समोरचा बुडतो. २०१९ साली डोरियन चक्रीवादळाचा वारा फिरला तेव्हा ओक्राकोक बेट समुद्राच्या बाजूने नाही, आतल्या या पाण्याने बुडालं.

त्या पाण्यात आम्ही शीड उभारलं. बाकीची वाट बहुतेक इंजिनावरच काढावी लागते, कारण अरुंद कालव्यात शिडाच्या बोटीला वाऱ्याप्रमाणे वळायला जागा नसते. पुढच्या कालव्यावर एक पूल लागला. न उघडणारे बहुतेक पूल ६५ फूट मोकळी उंची धरून बांधलेत, पण हा एक फूटभर ठेंगणा म्हणून बदनाम आहे. आमची डोलकाठी ५० फुटांची, काळजीचं कारणच नव्हतं. तरी खालून बघताना शेवटच्या क्षणापर्यंत ती पुलाला लागणार असंच दिसतं. ताईने डोळे मिटले. ज्यांची काठी खरोखर उंच असते, ती माणसं पाण्याने भरलेल्या पिशव्या बाजूला टांगून बोट कलती करतात आणि तिरकी निघून जातात.

नवव्या दिवशी मी उतरलो. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला, आवाजात माहेर भेटल्याचा आनंद. "अरे, भरती आली!" ते दोघं जॉर्जियात शिरले होते.

जॉर्जियाचा किनारा धनुष्यासारखा आत वळलेला आहे, आणि समोरचा समुद्रतळ शंभराहून अधिक किलोमीटरपर्यंत उथळ. भरतीची लाट त्या उथळावर मंदावते, कवेत सापडल्यासारखी दाटते आणि उंचावते. केप हॅटेरसला पाणी जेमतेम मीटरभर चढतं, मायामीला त्याहून कमी. मधल्या, जॉर्जियातल्या सव्हानाला दोन मीटरांच्या वर. मुंबईत उधाणाला चार मीटरांहून जास्त चढउतार होतो, त्यामुळे आकडा आपल्याला मोठा वाटणार नाही. पण भरती नसलेल्या पाण्यातून आलेल्या ताईला तो अमृतासारखा वाटला. तिने लगेच आजोबांचं गणित लावलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. उत्तर चुकलं, कारण प्रत्येक बंदरात पौर्णिमेच्या भरतीची वेळ वेगळी. पण रोज पाऊण-एक तास पुढे सरकायची पायरी अगदी तीच. चंद्र तोच ना.

मला सगळ्यात थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. इथे प्रत्येक बेटामागच्या खाडीला दोन तोंडं. गोव्यात मांडवी आणि झुआरी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा पाहिला असेल तर हे चटकन कळेल. भरतीचं पाणी दोन्ही तोंडांनी आत येतं आणि मध्ये कुठेतरी भेटतं. तिथे प्रवाह थांबतो, आणि प्रवाह थांबला की पाण्यातला गाळ तळाशी बसतो. म्हणून सर्वांत उथळ जागा तोंडाशी नसून खाडीच्या पोटात असते. तिथे सरकारी ड्रेझर गाळ काढतात आणि पाणी तो पुन्हा आणून टाकतं. पण वेळ साधली तर भरतीवर स्वार होऊन आत शिरायचं, उथळावर पाणी पुरेपूर असताना ते ओलांडायचं, आणि तेवढ्यात लागलेल्या ओहोटीवर पलीकडून बाहेर पडायचं. आत शिरताना पाणी पाठीशी, आणि बाहेर पडतानाही पाठीशीच!

एकदा वेळ चुकली. अर्ध्या ओहोटीला बोट चिखलात बसली आणि पाणी उतरेल तशी कलत गेली. भोवती क्षितिजापर्यंत गवताळ खारी दलदल, चिखलात खेकड्यांची बारीक कुरकुर. "अहो, आता?" ताईने विचारलं. "आता खिचडी," भावोजी म्हणाले. बोटीतली शेगडी दोन खिळ्यांवर झुलती टांगलेली असते. बोट कितीही कलली तरी ती सपाट राहते. ताईने फोटो पाठवला: खिडकी, कपाट, दिवा, सगळं तिरकं, आणि मधोमध एकच गोष्ट सरळ, खिचडीचं पातेलं. सहाएक तासांनी चंद्राने बोट उचलून दिली.

फ्लोरिडात पाणी पुन्हा बंदिस्त झालं, भरती मंदावली, आणि त्यांचा दिवस उघडत्या पुलांच्या वेळापत्रकावर चालू लागला. मग पाम बीचच्या आसपास, जिथे गल्फ स्ट्रीम किनाऱ्याच्या अगदी जवळून जातो, तिथे भरतीबरोबर निळं, निवळ पाणी आत आलं. ताईचा शेवटचा फोटो तिथला. नांगराची साखळी तळापर्यंत दिसतेय आणि वाळूवर बोटीची सावली पडलीय. भावोजी छोट्या होडीत बसून अर्धं लिंबू घेऊन नाळ घासतायत. एका बाजूची मिशी गेलीय. दुसरी ताईने घासू दिली नाही.