चीज घाला, पण गॅस बंद करून

ऑफिसातून उशिरा घरी आल्यावर चीजचं काहीतरी गरमागरम करायचं म्हटलं, की पाककृती हटकून व्हाइट सॉसपासून सुरू होते. लोण्यात मैदा परता, दूध ओता, गुठळ्या मोडत राहा आणि मग चीज घाला. हा मैदा तिथे मुख्यतः दाटपणासाठी आणि चीज फाटू नये म्हणून असतो. चीजमध्ये केसीन या प्रथिनाचं जाळं कॅल्शियमने बांधलेलं असतं आणि त्यात स्निग्धांश व पाणी अडकलेलं असतं. जास्त आच लागली की जाळं आवळतं, तूप सुटतं आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. महागडं जुनं चेडार या बाबतीत फार हट्टी असतं. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रित्झ श्टेटलर यांनी यावर तोडगा काढला. एमेंटल चीज त्यांनी सोडियम सायट्रेटबरोबर वितळवलं. सायट्रेट कॅल्शियमला आपल्याकडे ओढून घेतं, जाळं सैल होतं आणि मोकळी झालेली प्रथिनं तूप-पाणी एकत्र धरून ठेवतात. प्रोसेस्ड चीज जन्मलं ते असं. म्हणजे व्हाइट सॉसमधलं मैद्याचं निम्मं काम आपल्या फ्रिजमधल्या क्यूबमध्ये आधीच होऊन आलेलं असतं. दमलेल्या संध्याकाळी तोच क्यूब सर्वांत योग्य, असं माझं ठाम मत आहे.

दोघांसाठी दीडशे ग्रॅम मॅकरोनी जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात शिजवा आणि पाणी ओतून देऊ नका. आटत आलेल्या त्या पिठूळ पाण्यातच दाटपणा असतो. त्यात अर्धी वाटी दूध घालून एक उकळी आणा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग २५ ग्रॅमचे चार क्यूब किसून ढवळा. किसण्याचा कंटाळा करू नये. मोठा तुकडा बाहेरून वितळतो आणि आतून तसाच राहतो. चिली चीज टोस्टचंही तेच. तव्यावर पावाची एक बाजू लोण्यावर खरपूस झाली की उलटून भाजलेल्या बाजूवर चीज, मिरची, कांदा पसरायचा, आच अगदी मंद करायची आणि कडेला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण ठेवायचं. वाफेने चीज वितळतं, खालचा पाव जळत नाही. कांद्यात आधीच मीठ घातलंत तर मात्र पाणी सुटून पाव लिबलिबीत झालाच म्हणून समजा.

प्रोसेस्ड म्हणजे नकली, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. वेष्टनावर सामान्यतः ‘३३१’ म्हणून छापलेलं सायट्रेट हे सायट्रिक आम्लाचं मीठ आहे; लिंबाच्या रसात खायचा सोडा फसफसला की तेच तयार होतं. चीज म्हणून खपवलं जाणारं वनस्पती तेलाचं मिश्रण ही वेगळी गोष्ट, आणि ती टाळावी. घटकांच्या यादीत ते तेल दिसतं. चवीचा आक्षेप खरा आहे: मुरलेल्या चीजचा तिखट-आंबट दरवळ क्यूबला नाही. तो हवा असेल तर चारातला एक क्यूब कमी करून तेवढं चेडार किसा. उरलेल्या क्यूबमधलं सायट्रेट त्यालाही सांभाळून घेतं. मिठाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते आणि दोन क्यूबमधूनच त्यातला बऱ्यापैकी वाटा जातो. म्हणून पाण्यात मीठ घालू नये, वर सॉस ओतू नये आणि शेजारी लोणच्याऐवजी काकडी-टोमॅटो घ्यावेत.