दोनशे माणसांमागे एक पंच

सिरोंच्याच्या माणसाला जिल्हाधिकारी कचेरीत काम निघालं, की गडचिरोलीपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. मुंबई शहर जिल्हा मात्र कुलाब्याहून निघून शीव येईतो संपतोसुद्धा. पहिला जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, दुसरा १५७ चा, आणि जिल्हाधिकारी दोन्हीकडे एकेकच. अहिल्यानगर त्याहून थोर : १७,०४८ चौरस किलोमीटर. त्यात अख्खा गोवा चारदा बसवला तरी वर जागा उरते.

माणसांचा हिशेबही असाच. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे जिल्ह्यात १ कोटी १० लाख लोक निघाले. उत्तराखंड हे राज्य, पण तिथली लोकसंख्या १ कोटी १ लाख! पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा काढला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. राज्य स्थापन झालं तेव्हा ते २६ होते.

सहा महसुली विभाग, ३६ जिल्हे, ३५८ तालुके ही झाली नेमलेल्या साहेबांची उतरंड. तिच्याच शेजारी १९६२ पासून निवडून आलेल्यांची दुसरी उभी आहे. तिच्यात जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबईच्या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषदच नाही. पंचायत समित्या ३५१, कारण काही तालुके पुरते शहर होऊन गेलेत. आणि तळाशी सुमारे २८ हजार ग्रामपंचायती.

खरी गंमत या तळाशी आहे. लहानातल्या लहान ग्रामपंचायतीत ७ सदस्य असतात, मोठीत १७. सगळीकडे सातच धरले तरी बेरीज १ लाख ९६ हजार होते. थेट निवडलेले सरपंच वेगळेच. म्हणजे एका आमदारामागे किमान ६८० पंच. या सर्वांना एकामागून एक, मिनिटाला एक अशी शपथ द्यायची म्हटली, तर रात्रंदिवस न थांबता १३६ दिवस लागतील. निम्म्या जागा महिलांच्या, तेव्हा सुमारे लाखभर बायका तर नुसत्या ग्रामपंचायतींतच बसलेल्या.

दीड हजार वस्तीच्या गावात सात पंच, म्हणजे दोन-सव्वादोनशे माणसांमागे एक. पंचाचं घर, त्याची जमीन, त्याचे रुसवेफुगवे सगळ्या गावाला ठाऊक. मुंबईत सव्वा कोटी लोकांना नगरसेवक २२७. एकेकाच्या वाट्याला ५५ हजार माणसं येतात, एवढ्यांत तर छत्तीस-सदतीस गावं मावावीत. मतंही मोजा : खेड्यातला माणूस पंच, सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदार, खासदार अशी निदान सहा मतं देतो, मुंबईकर तीन. पैशाचं पारडं मात्र नेमकं उलटं. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, माणशी साठ हजारांच्या घरात. घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करताना दमछाक होणाऱ्या ग्रामसेवकाला हा आकडा सांगू नये हे बरं.

पण ज्या वर्षी हा अर्थसंकल्प मांडला, त्या वर्षी सभागृहात नगरसेवक किती होते? शून्य. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. तोवर पंचावन्न हजारांमागे एक हा हिशेबही मोडीत निघाला होता : सव्वा कोटी माणसं आणि सरकारने नेमलेला एक प्रशासक.