पाठीतलं पाणी

‘पाठीतलं पाणी काढू नका हो, माणूस कायमचा लुळा पडतो.’ वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडी हे हमखास असतं. सुई कमरेजवळ मणक्यांच्या ज्या फटीत जाते, तिच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. पण भीती काही जात नाही. क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरात मात्र रोग कळतो तो याच सुईने, आणि निम्मा इलाजही तिचाच.

क्रिप्टोकॉकस ही कबुतरांच्या विष्ठेत, मातीत आढळणारी बुरशी. श्वासावाटे ती अनेकांच्या फुफ्फुसात जाते, प्रतिकारशक्ती तिला तिथेच दाबून ठेवते. एचआयव्हीमुळे सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी १००च्या खाली घसरल्या, किंवा अवयवरोपणानंतरची औषधं चालू असली, की ती मेंदूपर्यंत पोचते. पाठीतल्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गोल पेशी दिसतात आणि प्रत्येकीभोवती रुंद, स्वच्छ वलय. शाईला आत न शिरू देणारं हे शर्करेचं कवच. तीच शर्करा पाण्याचा निचरा तुंबवते. एरवी २० सेंटिमीटरच्या आत असणारा दाब ४०च्याही वर जातो, डोकं फुटायला येतं, नजर जाते. मग २०-३० मिलिलिटर पाणी काढायचं, गरज पडली तर रोज. स्टेरॉइडने फायदा होईल ही आशा २०१६च्या चाचणीत फोल ठरली. उलट अपायच झाला.

औषध अँफोटेरिसिन. २०२१मध्ये म्युकरच्या साथीत त्याच्या इंजेक्शनसाठी आपल्याकडे किती वणवण झाली, ते आठवत असेलच. जुन्या प्रकाराने हुडहुडी भरते, किडनीला त्रास होतो, पोटॅशियम घसरतं. आणि तो सात दिवस शिरेतून द्यावा लागे. बोट्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या डॉक्टरांनी एका चाचणीत त्याऐवजी लायपोसोमल या नव्या प्रकाराचा एकच मोठा डोस दिला, जोडीला चौदा दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या. दहा आठवड्यांत नव्या पद्धतीने २४.८ टक्के रुग्ण दगावले, जुन्या पद्धतीने २८.७ टक्के. दुष्परिणामही कमी. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत पहिल्या पसंतीची ठरवली. चारातला एक तरीही जातोच, हेही विसरून चालणार नाही.

‘मग एचआयव्हीच्या गोळ्या आजच का नाही?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्तच. पण त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती घाईने जागी झाली की मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडते, त्या धुमश्चक्रीत रुग्णच जातो. म्हणून त्या गोळ्या चार ते सहा आठवडे थांबतात. तोवर अँटिफंगल गोळ्या, आणि दाब वाढला तर पुन्हा तीच सुई.