रात्रीत बॅटरी कोण खातं?

गाडीच्या डिकीतला छोटा दिवा साधारण 5 वॅटचा असतो. झाकण लावलं की तो विझतो, असं आपण धरून चालतो. बंद डिकीत बसून खात्री कुणी केलेली नसते. त्याचा स्विच बिघडला आणि दिवा तसाच जळत राहिला, तर तो बॅटरीतून सुमारे 0.4 अँपिअर प्रवाह ओढतो. चोवीस तासांत झाले 10 अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी असते 35 अँपिअर-तासांच्या आसपास. शुक्रवारी संध्याकाळी उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी रविवारी रात्रीपर्यंत निम्म्याहून जास्त उतरलेली असते आणि सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक.

गॅरेजवाला येतो, जंपर केबल लावून गाडी सुरू करून देतो, बॅटरी तपासतो आणि म्हणतो, ‘बॅटरी वीक आहे, नवी टाका.’ नवी येते. महिन्या-दोन महिन्यांत तीही बसते. मग कंपनीला शिव्या. गंमत म्हणजे गॅरेजवाल्याची तपासणी खोटी नसते. बॅटरी खरोखरच कमजोर झालेली असते. फक्त ती आजाराचं कारण नसते, परिणाम असते.

हे कसं, ते समजायला थोडं रसायनशास्त्र. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक आम्ल यांची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. आपल्या बॉनेटखाली आजही मुळात तेच रसायन आहे. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज करताना हे सगळं उलटं फिरतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर त्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात आणि नंतर चार्जिंगला दाद देत नाहीत. म्हणजे डिकीतला दिवा नुसती वीज खात नाही. प्रत्येक वेळी बॅटरीची साठवण्याची ताकदही थोडी कमी करून जातो. नव्या बॅटरीचीसुद्धा.

म्हणून आधी साधा डिजिटल मल्टिमीटर हातात घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजायचं. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलीच. आदल्या संध्याकाळी, गाडी थांबवून दोन-तीन तास झाल्यावर घेतलेला आकडा 12.6 आणि सकाळी 12.1 असेल, तर रात्रीत एक तर वीज गळतेय किंवा बॅटरीच आतून धरत नाही. निगेटिव्ह केबल काढून बॅटरी तशीच रात्रभर ठेवा. तरीही उतरली तर दोष बॅटरीचा. केबल काढल्यावर शाबूत राहिली तर चोर गाडीत आहे.

इंजिन चालू असताना तोच आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा. तो 12.5 वरच अडकला असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायचा. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर ती आधी साफ करा. निम्मी प्रकरणं तिथेच मिटावीत इतकं हे काम सोपं आहे आणि तितकंच ते टाळलं जातं.

एक गैरसमज मात्र फार पक्का आहे: ‘धक्का मारून सुरू केली, अर्धा तास फिरवून आणली, झाली चार्ज.’ हिशेब करून पाहू. सेल्फ 150 अँपिअर ओढतो, पण दोनच सेकंद. एका स्टार्टचा खर्च 0.1 अँपिअर-तासाहूनही कमी. तो काही मिनिटांत भरून निघतो. पण डिकीतल्या दिव्याने खाल्लेले 20 अँपिअर-तास अर्ध्या तासात परत येत नाहीत. बॅटरी भरत आली की ती प्रवाह कमी कमी घेते, शेवटच्या टप्प्याला कित्येक तास लागतात. अशा वेळी ती बाहेर काढून रात्रभर चार्जिंगला लावणं हाच खरा उपाय.

आता गळती. बंद गाडीसुद्धा थोडी वीज घेतेच: घड्याळ, सेंटर लॉक, चोरघंटा. 20 ते 50 मिलिअँपिअरपर्यंत हे चालतं. मात्र गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. कुलूप लावल्यावर वीस मिनिटं ते तासभर थांबावं लागतं. घाईने घेतलेला आकडा हमखास घाबरवतो. फ्यूज एकेक उपटून पाहण्याची जुनी पद्धतही इथे फसते, कारण फ्यूज परत बसवला की झोपलेली यंत्रणा जागी होते. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य आलं तर त्या वाटेने वीज जात नाही. थोडंही व्होल्टेज दिसलं तर तिथे प्रवाह आहे. दरवाजा उघडा ठेवावा लागला तर त्याचं लॅच दाबून ‘बंद’ करून ठेवायचं, नाहीतर केबिनच्या दिव्यालाच पकडाल.

माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर असतो: म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर. किल्लीच्या लाइनऐवजी त्यांची वायर थेट बॅटरीवर दिलेली असते, कारण तसं जोडणं सोपं पडतं. कुठल्याच फ्यूजवर काही सापडलं नाही तर अल्टरनेटरमधला डायोड तपासून घ्या. तो फुटला की रात्री वीज उलट्या दिशेने वाहते.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक कारण आहे: उन्हाळा. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. प्लेटा झिजतात, पाणी आटतं. नुकसान मे महिन्यात होतं, पण लक्षात येतं डिसेंबरच्या थंड सकाळी, कारण तेव्हा इंजिन फिरवायला जड आणि बॅटरी मंद असते.

गॅरेजला जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून न्या: रात्रीचं व्होल्टेज, सकाळचं व्होल्टेज आणि इंजिन चालू असतानाचं. ते बघितल्याशिवाय कुणी नवी बॅटरी गळ्यात मारत असेल, तर दुसरा इलेक्ट्रिशियन शोधा.