मे महिन्याचं बिल

सकाळी 7. नंदुरबारहून तळोदा, पुढे चांदसैली घाट. ऑगस्ट 2024. पावसात दरड आली की धडगावची वाट अडते, म्हणून लवकर निघते. ऑडिट आमचूर विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीचं. सभासद पाड्यांवरचे, शेअर बाजाराशी संबंध नाही, पण ताळेबंदाचा नमुना कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीचाच.

10. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग असण्याची सक्ती दोनदा पुढे ढकलून 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. कुठली नोंद कधी बदलली ते त्यात राहतं, आणि तो बंद करता येता कामा नये. इथे जुलै 2023 अखेरपर्यंत जुनंच व्हर्जन होतं. चार महिन्यांचा माग नाही.

11.30. लॉग वाचते. बऱ्याच दुरुस्त्या साध्या: एखादं शून्य जास्त, खातं चुकलेलं. दुरुस्तीला मनाई नाहीच. पण एका व्यापाऱ्याच्या नावचं मे 2023 चं कैऱ्यांचं बिल एप्रिल 2024 मध्ये उघडून त्यावर नोव्हेंबरची तारीख घातलेली.

“दादा, नोव्हेंबरात कैऱ्या कुठून आल्या?”

“साठवलेला माल होता, मॅडम.”

काटापावती मागितली. मेचीच निघाली.

1. भाकरी, उडदाची डाळ.

2. तारीख का सरकवली ते उघड होतं. येणी पूर्वी सहा महिन्यांच्या आतली आणि वरची एवढीच दाखवायची. 2021 पासून वयाप्रमाणे पाच रकाने आले. नोव्हेंबर लिहिलं की मार्चअखेरच्या ताळेबंदात थकबाकी पहिल्या, सहा महिन्यांच्या आतल्या रकान्यात, ताजी. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या कंपन्या असतील, पण मला तो इथेच जास्त गरजेचा वाटतो. तिकडचा भागधारक कंटाळला तर शेअर विकून मोकळा होतो. इथला सभासद तसा बाहेर पडू शकत नाही, आणि व्यापाऱ्याकडे अडकलेला पैसा त्याच्याच कैऱ्यांचा.

4. संचालक मंडळ. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, असं लिहिलं तर बँक दारात तरी उभं करेल का?”

“तारीख पूर्ववत करा, बिल दुसऱ्या रकान्यात जाऊ द्या. आणि लॉग चार महिने नव्हता, हे माझ्या अहवालात येणारच.”

बराच वेळ कुरकुर. मग एक संचालक ताई म्हणाल्या, “सभेत हा तक्ता पावरी बोलीत कोण सांगणार? कागद वाटून काय होतं?” त्याच सांगणार, असं ठरलं. रकाने त्यांनी माझ्याकडून दोनदा समजून घेतले. दुरुस्त हिशेबावर सह्या झाल्या, मग माझ्या अहवालावर.

रात्री 8. तळोद्यात नेटवर्क मिळालं, अहवालाचा अठरा अंकी यूडीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, काढला. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन: त्या व्यापाऱ्याकडे उद्या वसुलीला माणूस जातोय, बिलाची मूळ प्रत कुठल्या फाइलीत आहे?