सहाचे पैसे, चार थर

विटांच्या सहा थरांचे पैसे घेतले आणि बसवले चारच. लंडनहून हेस्टिंग्जला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या बोगद्यांची ही हकिगत ऐकली तेव्हा इंग्लंडबद्दल एकदम आपुलकी वाटली. कंत्राटदार तिथेही कंत्राटदारच! आणि त्या चोरीच्या मापाने शंभर वर्षांनी बेतलेली एक डिझेल गाडी अजून धावते असं कळल्यावर मी ती पाहायला गेले.

मार्च १८५५ मध्ये माउंटफील्ड बोगद्याचं वीटकाम ढासळलं. मग बाकीचे बोगदे तपासले, तर ग्रोव्ह हिलमध्ये विटांचा एकच थर, वर भरावसुद्धा नाही. साउथ ईस्टर्न रेल्वे कोर्टात गेली. भरपाई मिळाली ३,५०० पौंड, दुरुस्तीला लागले ४,७००. बोगदे पुन्हा खोदायचे तर खर्च डोईजड, म्हणून राहिलेले दोन थर आतून चढवले. बोगदे अठरा इंचांनी अरुंद झाले. १८६२ मध्ये वॉडहर्स्टचा बोगदा कोसळला, तिथेही तीच लबाडी निघाली.

“अठरा इंच,” सेंट लेनर्ड्सच्या शेडमधले फिटर आजोबा म्हणाले आणि दोन्ही हात तेवढे फाकवून दाखवले. हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल. पगार नाही, हेस्टिंग्ज डिझेल्स ही हौशी मंडळींची कंपनी आहे आणि १००१ क्रमांकाची गाडी तिनेच जपली आहे.

ही गाडी १९५७ सालची. त्या एप्रिलमध्ये लंडनच्या कॅनन स्ट्रीट स्टेशनची सिग्नल केबिन जळाली आणि तिथे वाफेच्या इंजिनांची हलवाहलव अवघड होऊन बसली. त्यामुळे या नव्या गाड्या ठरल्या वेळेच्या आधीच कामाला जुंपल्या गेल्या. इतर डब्यांच्या भिंती बाहेर फुगीर असतात, यांच्या मात्र त्या अरुंद बोगद्यांत मावाव्यात म्हणून सरळसोट. दाराच्या खिडक्यांना गज, कारण बाहेर काढलेलं डोकं आणि बोगद्याची वीट यांत फार अंतर नसायचं.

तेल, पाणी, बॅटऱ्या, ब्रेक पाहून झाले आणि आजोबांनी मला इंजिनाच्या खोलीच्या दाराशी उभं केलं. त्या काळातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांची इंजिनं डब्याच्या पोटाखाली असत. इथे मात्र चालकाच्या पाठीमागे एक अख्खी खोली इंजिनाची. चारच सिलिंडर, पण दांडगे. ताकद ५०० अश्वशक्ती, आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला असंच आणखी एक. इंजिन जनरेटर फिरवतं, त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. बटण दाबलं, काळा धूर उसळला आणि मुसळाने कांडावं तसे ठोके पायांखालच्या पत्र्यातून वर येऊ लागले. लोक या गाड्यांना ‘थंपर’ म्हणतात. डिझेलचा तो जळकट वास माझ्या स्वेटरमधून दोन धुण्यांनंतरही गेला नाही. रोज लंडनला नोकरीला जाणाऱ्यांना त्याचं कितपत कौतुक असेल, याची मला शंकाच आहे. कौतुक गाडी बंद झाल्यावर सुरू होतं.

एका प्रश्नाला आजोबांनी हातातलं काम थांबवून उत्तर दिलं. ५ नोव्हेंबर १९६७, रविवारची रात्र. हेस्टिंग्जहून निघालेली अशीच गाडी हिदर ग्रीनजवळ रुळांवरून घसरली. ४९ माणसं गेली. “रूळ तुटला होता,” ते म्हणाले. “गाडीचा दोष नव्हता.” थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

१९८६ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण झालं. अरुंद बोगद्यांवर सापडलेला उपाय इतका साधा की हसू येतं: दोन रूळमार्ग काढून मधोमध एकच टाकला. मग नेहमीच्या रुंदीची गाडीही आरामात जाऊ लागली आणि या सडपातळ गाड्यांची गरजच संपली. अर्थात आज माउंटफील्डमधून एका वेळी एकच गाडी जाते, समोरून येणारीने थांबायचं. म्हणजे त्या चोरीची किंमत प्रवासी अजून मोजताहेत, फक्त आता मिनिटांत.

फलाटावरून १००१ कडे तिरकं पाहिलं की एक डबा रांगेतून जरासा बाहेर आलेला दिसतो. तो विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गाडीतला, जुन्या बोगद्यांत कधीच न मावणारा. मला तोच आवडला, बसायला ऐसपैस. आजोबांना बहुधा आवडला नसावा. त्यांनी त्याच्याकडे पाठच केली होती.

निघताना मी खोडसाळपणे म्हटलं, “त्या कंत्राटदारांनी चोरी केली नसती तर तुमची ही गाडी जन्मालाच आली नसती. त्यांचे आभार मानायला हवेत.”

आजोबांनी फडक्याला हात पुसले. “आभार? ३,५०० वर सुटले ते. बाराशे पौंड अजून येणं आहे. वॉडहर्स्टचे वेगळेच.”